रेखाचं घर शेवटच्या स्टेशनाजवळ

सोयाबीनची मळणी लागली की आमच्या शिवारावर दिवसभर धुरळा तरंगत राहतो. थ्रेशरच्या तोंडातून कुटार उडतं, केसांत बसतं, पापण्यांवर बसतं, सदऱ्यात शिरून झोपेपर्यंत टोचत राहतं. वास मात्र मला आवडतो. उन्हात तापलेल्या वाळक्या शेंगांचा, थोडा करपलेल्या डाळीसारखा. शाळेत मास्तर होतो तेव्हा सहामाहीचे पेपर मी बांधावर बसून तपासायचो आणि पोरांच्या पेपरांनाही हा वास लागायचा.

गेल्या वर्षी या दिवसांत मी इथं नव्हतो. जन्मात पहिल्यांदा सोयाबीन माझ्या पाठीमागं निघालं. चुलतभावाच्या पोरानं ते कापलं, मळलं, दारव्ह्याच्या बाजारात नेलं, आणि मी त्या वेळी बर्लिन शहराच्या पार टोकाला, एका बाकावर बसून सफरचंदं गळताना पाहत होतो. म्हणून यंदा थ्रेशर सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांपुढं सोयाबीनच्या आधी शहराचं ते टोक, आरेन्सफेल्डे, उभं राहिलं. त्याचे अकरा मजली फिकट पिवळे ठोकळे, त्यांच्यामधलं गवत, आणि तिथं गाडी संपते ते स्टेशन.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण आहे. माझी मुलगी रेखा त्या शहरात नर्स आहे. कितीतरी वर्षं आमच्या तांड्यात तिच्याबद्दल एक बोलणं चालू होतं. पोरगी शिकली, परदेशी गेली आणि आईबापाला विसरली. एकदा तिकडं न्यायचंही तिच्या मनात आलं नाही. ते बोलणं खोटं होतं. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी ते चालू दिलं. तांड्यात ते मी तोंडानं दुरुस्त केलं आहे. पण बोलणं दहा तोंडांत गेलं की दहा प्रकारचं होतं, म्हणून एकदा कागदावरही असू द्यावं.

आम्ही गोर बंजारा. घरात गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच उतरवतो, म्हणजे वाचणाऱ्याला अडचण नको. आईला याडी म्हणतात आणि बापाला बा, तेवढं तसंच ठेवतो.

तांडा म्हणजे गावाबाहेर. हे वेगळं सांगावं लागत नाही, त्या शब्दातच ते आहे. एसटी गावात थांबायची आणि तिथून आम्ही पायी निघायचो, नाला ओलांडून. पावसाळ्यात नाला भरला की शाळा इकडं आणि आम्ही तिकडं. वर्गात माझ्या नावाआधी ‘तांड्यावरचा’ लागायचं. कुणी ते रागानं म्हणत नसे. ‘नळाखालचा रांजण’ म्हणावं तसं म्हणायचे, कुठला ते कळावं म्हणून. पण पोराच्या मनाला त्यातला फरक कळत नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझी पोरं कशाच्याही बाहेर राहणार नाहीत. मास्तर झालो, दारव्ह्यात घर बांधलं, तेही बाजाराच्या मधोमध. शांतता नावालाही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी ओट्यावर भाजीवाल्या बसतात आणि घरातून बाहेर पडायला वाट राहत नाही. जमना, माझी बायको, म्हणते, “घर कायचं हे, बाजारातला खांब हाय.” मला त्या खांबाचा अभिमान होता.

रेखा बर्लिनला गेली तेव्हा मला वाटलं, आता याच्यापेक्षा आत कुठं जायचं? जगातलं एवढं मोठं शहर. मी लोकांना सांगायचो, एकदम मधोमध राहते. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

मग एकदा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, जर्मनीत दोन वर्षं शिकून परतलेला. रेखाचा पत्ता त्यानं वाचला आणि म्हणाला, “सर, हे तर पार बाहेर आहे. सिमेंटची मोठी मोठी खोकी आहेत तिकडं. शहरातली माणसं तिकडं फिरकत नाहीत.” त्याच्या मनात काही नव्हतं. चहा पिऊन गेला. मी मात्र तो पत्ता पुन्हा वाचून पाहिला. बाहेर. एवढी शिकली, एवढी दूर गेली, आणि राहते गावाबाहेरच.

त्याच आठवड्यात रेखाचा फोन आला. “बा, तुमची तिकिटं काढू का?”

मी म्हणालो, “यंदा सोयाबीन हाय.”

पुढल्या वर्षी म्हशीचं कारण सांगितलं. त्याच्या पुढल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनचं. मग कारणं संपली तेव्हा मी जमनाला पुढं केलं. रेखाला सांगितलं, तुझ्या याडीला विमानाचा धाक आहे, नुसतं नाव काढलं तरी रडते, तिच्याजवळ हा विषय काढू नको. आणि जमनानं विचारलं, पोरगी कधी बोलावत नाही का, तर तिला म्हणालो, तिला सुट्टी कुठं असते? दोघींच्या मध्ये मी एक भिंत बांधली आणि दोन्ही बाजूंनी सारवून घेतली. फोनवर त्या भाजीचं बोलायच्या, सणाचं बोलायच्या. माझ्या भिंतीला कुणी हात लावला नाही.

मला काय नको होतं? ते घर पाहायला नको होतं. पाहिलं नाही तोवर ते मधोमध होतं.

तांड्यात बायका बोलायच्या. आमच्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, बायको काशीवहिनी, तिची जीभ सगळ्यांत धारदार. तिची नात बारावीनंतर यवतमाळला शिकायचं म्हणत होती, तर माझ्यादेखत तिनं नातीला ऐकवलं, “शिक. आन् रेखासारखी विसर आमाले.” मी तिथं चहाची कपबशी हातात घेऊन बसलो होतो. मी चहा प्यालो. बरा झाला होता, गवती चहा घातलेला.

एका वर्षी रेखानं विचारलंच नाही. उन्हाळा गेला, तिकीट काढायचे दिवस गेले, ती पावसापाण्याचं बोलत राहिली. शेवटी मीच म्हणालो, “यंदा तू काही विचारलं नाहीस.”

“विचारून विचारून थकली मी, बा.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी पुन्हा सोयाबीन काढलं असतं.

मी तिला तिकिटं काढायला सांगितली, जमनाला म्हणालो पोरीला सुट्टी मिळाली, आणि असे आम्ही गेलो.

शहराच्या मधोमध एक भलंमोठं स्टेशन आहे, सगळं काचेचं. न्यायला आलेल्या रेखानं आम्हाला तिथं गाडी बदलायला लावली. जमना काचेतून वर पाहत होती आणि मी माणसं पाहत होतो. केवढी गर्दी, सगळे कुठंतरी निघालेले. मला वाटलं, हेच, इथंच कुठंतरी उतरावं. पण गाडी पूर्वेला निघाली आणि हळूहळू रिकामी व्हायला लागली. आधी कोटवाले उतरले, मग कॉलेजची पोरं, मग पिशव्यावाल्या बायका. समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा उरला. दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहायला लागल्या, एकीसारखी दुसरी.

“अजून किती?” मी विचारलं.

“आपलं शेवटचं, बा,” रेखा म्हणाली, “झोप लागली तरी चुकत नाही.”

जमना हसली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

घर सातव्या मजल्यावर. छोटंच. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाल्कनी. बाल्कनीत कुंड्यांमध्ये मेथी आणि कोथिंबीर. जमनानं आधी नळ सोडून पाहिला, मग भिंतीतल्या लोखंडी पट्ट्यांना हात लावला. त्या गरम होत्या. ती तिथंच पाठ टेकवून उभी राहिली. “माह्यासाठी हेच तीर्थ,” म्हणाली.

जावई प्रकाश पुसदकडचा, आमच्याच समाजातला. रेखाच्या घराकडच्याच भागात तो ट्रॅम चालवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या ट्रॅममध्ये बसलो. आता आमच्यात सासू जावयापुढं तोंड उघडं ठेवत नाही. जमनानं पदर नाकापर्यंत ओढला आणि ती जाऊन बसली सगळ्यांत मागच्या बाकावर. पुढं जावई गाडी हाकतोय, मागं सासू घुंगट घेऊन बसलेली, मधले लोक वळून वळून पाहतायत. रेखाला हसू आवरेना.

“याडी, काच हाय मधात. तो मागं पाहूच शकत नाही.”

“आरसा हाय ना त्याच्याजवळ. म्या पाहिला चढताना.”

प्रकाशनं नंतर सांगितलं, आयुष्यात इतकी हळू ट्रॅम त्यानं कधी चालवली नव्हती. सासूबाई हलू नयेत म्हणून.

मी मात्र पहिले काही दिवस चोरासारखा वावरलो. सकाळी खाली उतरायचो, इमारतींमधून फिरायचो आणि पुरावे शोधायचो. कुठं पडकं आहे, कुठं घाण आहे, कुठं माणसं मान खाली घालून चालतात. भिंतींवर रंगानं काहीबाही खरडलेलं होतं, तेवढं सापडलं. बाकी काही हाती लागेना. इमारतींच्या मध्ये गवताचे मोठे पट्टे, त्यांत चेस्टनटची झाडं, खाली चकचकीत तपकिरी बिया पडलेल्या. खारी त्या पळवायच्या. एका व्हिएतनामी बाईचं फुलांचं दुकान होतं, ती बाहेर स्टूल टाकून बसायची आणि मला मान डोलावून दाखवायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मीही डोलावली. संध्याकाळी इमारतीच्या दारापुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका बसायच्या, त्यांच्यातल्या काही रशियन बोलणाऱ्या. येणाऱ्याजाणाऱ्यावर त्यांची नजर असायची. कुणाकडं कोण आलं, पिशवीत काय आहे. ही नजर मला ओळखीची होती.

आणि स्टेशन सोडून थोडं पुढं गेलं की शहर संपतं. खरंच संपतं, कुणी चाकूनं कापल्यासारखं. पुढं मक्याचं वावर. मी त्यात उतरलो, माती हातात घेतली. रेताड, फिकी, बोटांतून निसटणारी. आपल्या काळ्या मातीसारखी ती हाताला चिकटत नाही. पण मका चांगला पोसलेला होता. मी बांधावर बसलो. मागं अकरा मजली इमारती, पुढं वावर. कुणी पाहत नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि कशामुळं ते कळेना.

रेखाच्या शेजारी हेल्गा नावाची एक बाई राहते, आमच्याच वयाची, एकटी. तिची रेल्वेरुळांपलीकडं एक बाग आहे. तिकडं तशी रीत आहे. इमारतीत राहणारी माणसं थोड्या अंतरावर जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेतात, त्यात एक लाकडी खोपटं, चार फळझाडं, भाजीचे वाफे. रविवारी तिनं आम्हाला तिथं बोलावलं. सफरचंदाच्या झाडाखाली टेबल, प्लमचा केक, कॉफी.

जमना टेबलाजवळ टिकली नाही. वाफा दिसला की तिचे हात शिवशिवतात. लुगड्याचा ओचा खोचून ती बसली गवत निंदायला, आणि हेल्गा केक कापून वळेपर्यंत तिनं एक अख्खी ओळ उपटून बांधावर टाकली होती. हेल्गानं दोन्ही हात गालांना लावले. ते गवत नव्हतं. तिनं मुद्दाम लावलेली कांद्याच्या जातीची बारीक पात होती. जमनानं हुंगून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आवो, हे तं कांद्याचं घर निघालं. सांग तिले रेखा, माह्या देशात असं गवत राह्यलं तं सासू घरात घेत नाही.”

रेखानं सांगितलं. हेल्गा इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. त्या पातीचं बेसन मग आम्ही संध्याकाळी खाल्लं.

हसण्याच्या त्या भरात मी हेल्गाला विचारलं, रेखाला मध्ये घालून, की तुम्ही इतक्या बाहेर का राहता? कितीतरी वर्षांचा प्रश्न होता माझा.

हेल्गाला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “हे घर मिळालं त्या दिवशी मी आणि नवरा रिकाम्या खोलीत नाचलो होतो. शहरातल्या मधल्या जुन्या घरात कोळसा खांद्यावर वाहून न्यावा लागायचा. इथं नळ सोडला की गरम पाणी.” मग पलीकडं, जिकडं शहर होतं तिकडं हात करून म्हणाली, “मध्ये राहणारी माणसं बिचारी. त्यांना झोप तरी लागते का?”

मला बाजारातला खांब आठवला. मी कॉफीत साखर ढवळत राहिलो.

तेवढ्यात रेखानं सहज जमनाला विचारलं, “याडी, विमानात भीती वाटली का मंग?”

“कायची भीती? मी तं झोपली. तो डबा हलत बी नाही.”

“मंग इतके वर्स काहून नाही म्हणत होती?”

“कोण नाही म्हणत होतं?”

“तूच. बा सांगे, याडीले विमानाचा धाक हाय, नाव काढलं की रडते. तिले विचारू नको.”

जमनानं कप बशीत ठेवला. “मले कोणी विचारलंच नाही. मले तं हे सांगत, रेखाले सुट्टी नसते. बोलावते का ती, असं म्या किती खेपा विचारलं.”

“दरवर्षी बोलावलं याडी. दरवर्षी.”

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. एक सफरचंद गवतावर पडलं. हेल्गानं रेखाला काहीतरी विचारलं, काय झालं म्हणून असेल.

“आवो मास्तर,” जमना म्हणाली. रागावली की ती मला मास्तर म्हणते. “खरं हाय का हे?”

“हो.”

“काहून?”

एवढ्या वर्षांची सारवलेली भिंत, आणि ती पडायला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

जमना माझ्याशी बोलायची थांबली. ती उठून हेल्गाजवळ गेली, तिच्या शेजारी बसली आणि तिला सगळं सांगायला लागली. गोरबोलीत. पहिल्यापासून. हात हलवून, माझ्याकडं बोट करून, मध्येच डोळे पुसून. हेल्गाला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती मान हलवत होती, योग्य ठिकाणी चुचकारत होती. शेवटी तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून तिला सगळं कळलं होतं.

त्या संध्याकाळी रेखा मला जवळच्या टेकडीवर घेऊन गेली. ती टेकडी खरी नाही. इमारती बांधताना निघालेली माती आणि राडारोडा रचून केलेली आहे, पण आता तिच्यावर झाडी आहे, गवत आहे, माणसं पतंग उडवतात. वर गेलं की एका बाजूला सपाट वावरं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, फार लांब, शहर. मधल्या टीव्हीच्या मनोऱ्याची नुसती सुई.

“तुले लाज वाटली का बा?” तिनं विचारलं.

“हो.”

“माही?”

“तुझी नाही. जागेची.”

“जागा काय मले कोणी बळजबरीनं देली?” ती म्हणाली. “मले दोन घरं दाखवलती. एक मधात होतं. चांगलं होतं. खिडकीतून समोरची भिंत दिसे. मंग हे पाह्यले आली. संध्याकाळचा टाइम होता. खाली बाया बसल्या होत्या बाकावर. मी आत जाऊन राह्यली तं एकीनं हात धरला आन् विचारलं, कोणाकडं आली, कुठची, लग्न झालं का, आई हाय का. भाषा येत नव्हती मले धड. पण काय विचारून राह्यली ते सगळं समजलं. वर आली तं खिडकीतून वावर दिसलं.” तिनं खाली इमारतींकडं हात केला. “मले तांड्यासारखं वाटलं बा. म्हणून घेतलं हे.”

ज्या कारणानं तिनं ते घर निवडलं, त्याच कारणानं मी ते पाहायला नकार दिला होता.

मला माझ्या आजोबांचं बोलणं आठवलं. लदेणीच्या काळातलं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून आमची माणसं मुलूखभर फिरायची. मुक्काम पडायचा तो गावाबाहेरच. गावात जागा देत नसत, हे मी लहानपणी ऐकलं आणि मनात पक्कं धरलं. पण आजोबा पुढंही काही सांगायचे. एवढ्या बैलांना चारा गावात कुठला? पाणी कुठलं? गोण्यांची थप्पी रचायला, बैल मोकळे सोडायला, रात्री चूल पेटवून गायला मोकळी जागाच लागते. म्हणून आपणच बाहेरची जागा पाहून उतरायचो. आजोबांनी दोन्ही सांगितलं होतं. मी त्यातलं अर्धंच आयुष्यभर सांभाळलं.

टेकडी उतरताना रेखानं माझा हात धरला. उतार रेताड होता, पाय घसरत होते. मी तिला म्हणालो, “मला माफ कर, असं मी म्हणणार नाही. ते फार सोपं होईल.”

“नको म्हणू,” ती म्हणाली. “खाली पाहून चाल.”

जमनानं अबोला मोडला तो परतीच्या आदल्या दिवशी, बॅगा भरताना. “मले सांगितलं असतं तं काय झालं असतं? मी म्हटलं असतं, चला, तांडा हाय तं आपलाच हाय.” मग चेन ओढता ओढता म्हणाली, “दिवाळीले तांड्यात सांगा हे. मी नाही सांगणार. बोल लावले ते पोरीले लावले लोकाईनं, आन् तुमी ऐकत बसले.”

परत आल्यावर लोक फोटो मागायचे. बर्लिनचं ते प्रसिद्ध मोठं दार, तो राजवाडा. माझ्याजवळ बाकांवरच्या म्हाताऱ्यांचे फोटो होते, पत्रपेट्यांच्या रांगेचा होता, मक्याच्या वावराचा होता, घुंगटातल्या जमनाचा ट्रॅममधला होता. “हे जर्मनी हाय?” असं विचारून लोक मोबाइल परत द्यायचे. मला त्याचं वाईट वाटेना. उलट दरवेळी एक प्रकारचं बरं वाटायचं. त्या जागेबद्दल सांगायला खोटं काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या अमावास्येला आम्ही तांड्यात गेलो. त्या संध्याकाळी आमच्या पोरी, लग्न न झालेल्या, हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या घरी जातात आणि मग घरोघरी, प्रत्येकाचं नाव घेऊन त्याचं भलं चिंततात. पोरी नायकाच्या अंगणातून पुढं गेल्या, त्यांचं गाणं शेवटच्या घरांकडं लांब जात राहिलं, आणि मोठी माणसं चटयांवर बसली.

आमच्या तांड्याची एक रीत आहे. नायकाच्या अंगणात ज्याला आपली चूक सांगायची तो उभ्यानं सांगतो, आणि ज्याचं वाईट झालं तो ‘बस’ म्हणेपर्यंत बसत नाही. नायकानंही बस म्हणायचं नसतं. मी उभा राहिलो. बोलणं एकदम थांबलं. मास्तर उभा राहिलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मी सगळं सांगितलं. सोयाबीनचं, म्हशीचं, जमनाच्या नावानं सांगितलेल्या खोट्याचं. का केलं, तेही सांगितलं. पोरगी गावाबाहेर राहते याची मला लाज वाटली, हे मी त्या अंगणात, गावाबाहेरच्या माणसांसमोर म्हणालो. ते सगळ्यांत कठीण गेलं.

“म्हणजे आमची बी लाज वाटे का मास्तर तुले?” कुणीतरी मागून विचारलं.

“वाटे,” मी म्हणालो.

नायकानं विडी विझवली. “बजारात घर घेतलं तवाच समजलं होतं मले,” तो म्हणाला. एकदोघं हसले. हसणं फार टिकलं नाही.

काशीवहिनीनं पदर सावरला. “आन् मी इतके वर्स त्या पोरीले बोलली ते?”

“ते माझ्यामुळं, वहिनी.”

“माह्या घरचा चहा पिऊन ऐकत बसला तू.”

“हो.”

“फोन लाव.”

मी नंबर लावला. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, आवाज मोठा करायला लावला आणि तो तोंडासमोर धरून, नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी बोलली. “रेखा, मी काशीकाकी. तुह्या बापानं सांगितलं आज सगळं. मी लय बोलली तुले बेटा. नातीसमोर बोलली. चुकलं माहं.”

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“काकी,” रेखा म्हणाली, “बा कुठं हाय?”

“इथं हाय. अंगणात.”

“उभा हाय?”

“हाव. उभाच हाय.”

“कवाचा?”

“दिवे लागल्यापासून.”

सगळा तांडा त्या छोट्या मोबाइलकडं पाहत होता. नायक जमनाकडं वळला, पण तिनं हात वर केला. “मी काही म्हणणार नाही. तिले म्हणू दे.”

“बा,” रेखा म्हणाली, “बस.”

जमना थोडी सरकली आणि तिनं चटईवर माझ्यापुरती जागा केली.